पाहुणी विंडो

रेडिओ दुर्बिणीचा डेटा एकदा संस्थेच्या मोठ्या सर्व्हरवर उतरला की सहसा तिथून हलत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांनी रात्रभर जे ऐकलं ते फायलींत भरलं, की त्या फायली पेनड्राइव्हवर घालून घरी नेण्याजोग्या राहत नाहीत. मग कामानेच डेटाकडे जायचं. माणूस मात्र जागचा हलत नाही. तो आपल्या खुर्चीत, नाहीतर सरळ घरी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेला असतो, आणि सर्व्हर कुठल्यातरी गार खोलीत घरघरत असतो. तो काळ्या टर्मिनलमध्ये एसएसएच लिहितो, पुढे डॅश आणि कॅपिटल एक्स, मग सर्व्हरचं नाव, मग पासवर्ड. आत शिरल्यावर डीएस-नाइन असं टाइप करून एंटर मारतो, आणि लॅपटॉपवर आकाशाचा एक तुकडा उघडतो.

अशा गार खोल्या सांभाळण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. हुद्दा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचा. काम मुख्यतः फोन उचलण्याचं.

"मॅडम, डीएस-नाइन उघडत नाहीये."

"एरर काय देतंय?"

"कान्ट ओपन डिस्प्ले."

"कॅपिटल एक्स दिलास का?"

पलीकडे थोडी खटखट. "हां, आली आली. थँक्यू मॅडम."

फोन ठेवणाऱ्या त्या मुलाला आपल्यासमोर काय घडलं याचं काही वाटत नाही, आणि वाटावं तरी का? पण ती विंडो नीट बघा. तिचा प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपवर नाहीच. तो कधी तिथे टाकलेलाही नाही. गणितं सर्व्हरच्या प्रोसेसरवर चालली आहेत, मेमरी सर्व्हरची खर्च होतेय. लॅपटॉपने फक्त जागा दिली आहे. तरीही ती विंडो त्याच्या इतर विंडोंच्या रांगेत मुकाट बसली आहे. तिला ओढता येतं, लहान-मोठं करता येतं, ब्राउझरच्या मागे ढकलता येतं. परक्या घरचं माणूस पंगतीत बसावं आणि वाढणाऱ्यालाही वेगळं वाटू नये, तसं.

ही करामत एक्स विंडो सिस्टिमची. तिचं वय चाळिशीच्या पुढे गेलं आहे.

१९८३ साली एमआयटीत प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी आवारभर संगणक पसरायचे, हा बेत. पैसा आणि यंत्रं डेक आणि आयबीएम या दोन कंपन्यांची. गंमत इथेच आहे. दोन्ही कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळणारी नव्हती, आणि विद्यार्थ्याने तर कुठल्याही यंत्रासमोर बसून कुठलाही प्रोग्राम वापरावा अशी अपेक्षा. अथेनातल्या जिम गेटिस यांना यासाठी काहीतरी हवंच होतं. त्याच एमआयटीत बॉब शायफ्लर हे बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाच्या आर्गस या प्रकल्पावर काम करत होते. आर्गस ही अनेक यंत्रांवर एकाच वेळी पसरून चालणारी प्रणाली. तिच्यात कुठे काय बिनसलंय ते बघायला त्यांना एका पडद्यावर अनेक विंडो हव्या होत्या. स्टॅनफर्डमध्ये पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी डब्ल्यू नावाची विंडो सिस्टिम लिहिली होती. शायफ्लरनी तिच्यातला बराच कोड उचलला, तिची बोलण्याची रीत बदलली, आणि डब्ल्यूच्या पुढचं अक्षर म्हणून नाव ठेवलं एक्स. जून १९८४ मध्ये त्यांनी हे सहकाऱ्यांना कळवलं ते 'गेल्या दोनेक आठवड्यांत एक काम केलंय' अशा थाटात. सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली आणि त्यानंतर आकडा हललाच नाही. आजही अकराच.

बोलण्याची रीत बदलली, म्हणजे काय केलं? डब्ल्यूमध्ये प्रोग्राम एक काम सांगायचा, ते झाल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचा, मग पुढचं सांगायचा. एक्समध्ये तो थांबत नाही. इथून तिथवर रेघ मार, हा चौकोन करड्या रंगाने भर, इथे या फाँटमध्ये ही अक्षरं लिही, अशा आज्ञांची चळतच्या चळत तो पाठवून देतो. तारेवरून चित्र जात नाही, चित्र काढायच्या सूचना जातात. काढायचं काम ज्याच्यासमोर माणूस बसलाय त्या यंत्राचं. एक्सच्या भाषेत सर्व्हर म्हणतात तो या समोरच्या यंत्रावर चालणाऱ्या भागाला, कारण पडदा, कीबोर्ड आणि माउस यांचा मालक तो. गार खोलीतला अवाढव्य संगणक या व्यवहारात गिऱ्हाईक. नवीन पोरांची दांडी इथे हमखास गुल होते. मी आता समजावत बसत नाही.

या मालकाचं वागणं मात्र मालकासारखं नव्हतं. प्रोग्राम दाराशी येतो तेव्हा त्याने पाठवलेला पहिलाच बाइट असतो कॅपिटल बी किंवा स्मॉल एल. संगणकांमध्ये मोठे आकडे लिहायच्या दोन रीती आहेत. काही यंत्रं मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवतात, काही लहान स्थानाचा. बी म्हणजे मी मोठा आधी लिहितो, एल म्हणजे लहान आधी. एवढं ऐकलं की पुढचा सगळा संवाद पाहुण्याच्या रीतीने चालायचा. त्याचे आकडे उलटे वाटले तर उलटवून घ्यायची जबाबदारी घरच्याची. सनच्या स्पार्क यंत्रावरचा प्रोग्राम इंटेलच्या पीसीवर विंडो उघडायचा आणि दोघांपैकी कोणाच्याही वापरणाऱ्याला मधल्या या उलटापालटीचा पत्ता नसायचा. वेगळ्या जातीचं यंत्र दाराशी येणारच, हे पहिल्या बाइटपासूनच धरून चाललेलं होतं. कितीतरी महाग सॉफ्टवेअर मी पाहिलं आहे, इतकी साधी माणुसकी त्यात अभावानेच दिसली.

दारही सताड उघडं असायचं. त्या काळी सरसकट लिहिली जाणारी आज्ञा होती एक्सहोस्ट प्लस. तिचा अर्थ, नेटवर्कवरच्या कुठल्याही यंत्राने माझ्या पडद्यावर खुशाल विंडो उघडावी. सोय तर होतीच. पण ज्याला विंडो उघडायची मुभा, त्याला तुमच्या पडद्याचं चित्र घ्यायचीही मुभा, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचायचीही मुभा. प्रयोगशाळांमधली तरणी मंडळी या मुभेचा उपयोग एक्सरोच सोडायला करत. एक्सरोच हा झुरळांचा प्रोग्राम. झुरळं विंडोंच्या खाली लपून बसतात, आणि विंडो जरा सरकवली की उघडी पडून चारी दिशांना पळत सुटतात. पलीकडच्या टेबलावरचा माणूस पेपर लिहिण्यात गढलेला असायचा, विंडो हलवायचा आणि खुर्ची मागे लोटून उभा राहायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची. याच दारातून कोणी पासवर्डही वाचू शकेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नेटवर्क म्हणजे आपला मजला, फार तर आपलं आवार. तिथे चोर कुठून येणार?

पुढे चिठ्ठ्या आल्या. १२८ बिटांचा एक गुप्त आकडा. त्याला मॅजिक कुकी असं लाडिक नाव. तो आकडा सांगेल त्यालाच आत घ्यायचं. मात्र तो तारेवरून उघडाच जायचा, म्हणजे वाटेत कान लावून बसलेल्याला ऐकू यायचा. खरा बंदोबस्त झाला १९९५ नंतर. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपून घेतले, आणि तिथल्या टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. एसएसएचने एक्सला आपल्या कुलूपबंद बोगद्यातून वाट दिली. त्यातली एक चाल मला फार आवडते. दूरच्या सर्व्हरला एसएसएच खरी चिठ्ठी देतच नाही, एक बनावट देतं. प्रोग्राम ती बनावट घेऊन बोगद्यात शिरतो, आणि बोगदा आपल्या बाजूला उघडतो तिथे एसएसएच ती गुपचूप बदलून खरी हातात देतं. दूरचा सर्व्हर पाहुणा पाठवतो खरा, पण घराची किल्ली त्याने कधीच पाहिलेली नसते.

तो कॅपिटल एक्स म्हणजे हे सगळं.

आता अंतराविषयी. संस्थेच्या आवारात डीएस-नाइन टचकन उघडतं. तेच कॅलिफोर्नियातल्या एखाद्या यंत्रावरून पुण्यात उघडून बघा. आधी नुसती चौकट येते. मग आत करडा रंग भरतो. मग वरच्या पट्टीवर फाइल, एडिट, व्ह्यू असे शब्द एकामागून एक उमटतात. मेनू उघडला की पांढरा चौकोन येतो आणि त्यात अक्षरं यायची असतात. चहा टाकून आलं तरी चालेल. इंटरनेट स्लो आहे, अशी तक्रार येते. त्याच वेळी त्याच लाइनवर शेजारचा मुलगा सिनेमा बघत असतो आणि सिनेमा अडखळत नसतो.

कारण वाट रुंद असली तरी लांबी कमी होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते कॅलिफोर्निया सरळ मोजलं तरी १३ हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर यायला प्रकाशाच्या वेगानेही १३० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. केबल समुद्रातून वळणं घेत जाते, मधे राउटर भेटतात, त्यामुळे प्रत्यक्षात पाव सेकंद धरा. उघडताना प्रोग्रामने शंभर प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तरासाठी तो थांबला, तर पंचवीस सेकंद गेले. खोलीतल्या खोलीत हेच शंभर प्रश्न सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतात. शायफ्लरनी न थांबता बोलायची सोय करून दिली होती, पण तिच्यावर ज्यांनी पुढे इमले चढवले ते सगळे आपापल्या टेबलावर, यंत्राला चिकटून बसलेले. हा फाँट आहे का, हा रंग मिळेल का, या शब्दाला तुझ्याकडे कोणता क्रमांक आहे, असे प्रश्न त्यांनी सढळ हाताने पेरले. जवळ बसून विचारलेल्या प्रश्नाला मोल पडत नाही, म्हणून ते मोजावेत असं कोणाच्या मनातही आलं नसणार. दूर असणं किलोमीटरवर थोडं आणि या प्रश्नांच्या संख्येवर पुष्कळ अवलंबून असतं, हे मला पुस्तकाने नाही, त्या करड्या चौकटीने शिकवलं.

एक्सचे एक जनक जिम गेटिस पुढेही याच उशिराच्या उंबऱ्याशी घुटमळत राहिले. २०१०च्या सुमारास घरचं इंटरनेट मोठ्या फाइलच्या नादात ठप्प का होतं याचा ते छडा लावत बसले. मोडेम आणि राउटरमधल्या गरजेपेक्षा मोठ्या बफरांमध्ये पाकिटं साचून राहतात, असं निघालं. त्या दुखण्याला त्यांनी दिलेलं बफरब्लोट हे नाव रूढ झालं. त्याआधी ते मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या वन लॅपटॉप पर चाइल्डमध्ये सॉफ्टवेअरचं काम बघत होते. तो हिरवा-पांढरा लॅपटॉप भारतात पहिल्यांदा २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्याच्या शाळेत आला. त्याच्या पडद्यावरचं चित्रही एक्सच काढत होतं. एमआयटीच्या विद्यार्थ्यांसाठी केलेली गोष्ट अशी धनगरवाड्यावर पोचली.

सूचनांऐवजी चित्रच पाठवायचं, हा दुसरा पंथ. त्याची कथा इंग्लंडातल्या केंब्रिजची. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच भांडं होतं. लांबच्या मजल्यांवरून जिने उतरून यावं तर भांडं रिकामं. १९९१ साली दोघांनी त्याच्यावर कॅमेरा लावला. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी एक्सकॉफी नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र आलं. कॉफी काही पडद्याच्या कोपऱ्यात येत नव्हती, पण आहे की नाही हे कळायचं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. तेच स्टॅफर्ड-फ्रेझर केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत व्हीएनसी बनवणाऱ्या गटात होते. १९९८ मध्ये व्हीएनसी सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याचा हिशेब सरळ आहे. सगळा डेस्कटॉप दूरच राहू दे. त्याचा जेवढा भाग बदलला तेवढ्याचे ठिपके मला पाठव, मी माउस कुठे नेला ते तुला कळवतो. प्रश्न नाहीत, फाँटची विचारपूस नाही. लाइन तुटली तरी काम तिकडे चालूच. उद्या सकाळी जोडा, विंडो होत्या तिथेच असतील. एक्सची विंडो लाइन तुटली की प्रोग्रामसकट मरते, आणि आठ तासांच्या कामाच्या सातव्या तासाला मेली तर माणूस एक्सचं कौतुक करत नाही. म्हणून समुद्रापलीकडच्या कामाला मी सगळ्यांना व्हीएनसी सांगते. विद्वान मंडळी नाकं मुरडतात. मुरडोत.

नाकं मुरडणाऱ्यांत एके काळी मीही होते. सूचना पाठवणं सुसंस्कृतपणाचं, ठिपके ओतणं धसमुसळेपणाचं, असं मला वाटे. हे मत डळमळलं ते मराठीमुळे. एक्सची मूळ अक्षरलेखनाची रीत अशी, की फाँट समोरच्या यंत्राकडे. प्रोग्रामने क्रमांक पाठवायचे, यंत्राने एका क्रमांकाला एक आकार या हिशेबाने डावीकडून उजवीकडे मांडत जायचं. इंग्रजीचं यात छान भागतं. आता 'स्थिती' लिहा. स, मग हलंताचा पाय, मग थ, आणि थच्या मागून येणारी ऱ्हस्व वेलांटी, जी वाचताना स्थच्या आधी दिसायला हवी. क्रमांकाला आकार या रीतीने वेलांटी थच्या मागेच लटकते आणि स लंगडतो. जोडाक्षर घडवायचं तर शेजारची अक्षरं बघावी लागतात, जागा बदलावी लागते, कधी दोघांचा मिळून तिसराच आकार घ्यावा लागतो. ते शहाणपण समोरच्या यंत्रात नव्हतं. ते आलं पँगोसारख्या लायब्ररींत, म्हणजे प्रोग्रामच्या बाजूला, आणि २००२ मध्ये आलेल्या जीटीके २ बरोबर घरोघरच्या लिनक्सवर पोचलं. प्रोग्राम अक्षरं स्वतःच घडवू लागले. कीथ पॅकार्ड यांच्या रेंडर या जोडणीमुळे सुरुवातीला निदान घडवलेले आकार एकदा पाठवून पुढे क्रमांकांवर काम भागे. नंतर नंतर प्रोग्राम अख्खी विंडोच स्वतःकडे रंगवून तयार चित्र पाठवायला लागले. एक्सवरून दूरची विंडो जड झाली ती यामुळे. आणि मराठी मजकूर धडपणे दिसू लागला तोही याच वळणावर. ज्या सुटसुटीतपणावर मी भाळले होते, त्यात माझ्या भाषेला बसायला पाट नव्हता.

आता एक्सची निरवानिरव चालली आहे. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं वेलँड हळूहळू त्याची जागा घेतंय. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० या लिनक्समध्ये नेहमीच्या डेस्कटॉपला एक्सवर चालवायचा पर्याय उरलेला नाही. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून एक्सचा एक अवतार वेलँडच्या पोटात ठेवला आहे, त्यामुळे कॅपिटल एक्स अजून चालतो. फरक बघायचा असेल तर एक्सआइज उघडा. दोन टपोरे डोळे, माउस जाईल तिकडे बघणारे. या प्रोग्रामचा दुसरा काही उपयोग नाही. जुन्या एक्सवर ते पडद्याच्या कुठल्याही कोपऱ्यापर्यंत पाठलाग करत, कारण माउस कुठे आहे हे कोणीही विचारावं आणि उत्तर मिळावं असा रिवाज होता. वेलँडवर माउस वेलँडच्या विंडोवर गेला की डोळे जागीच थबकतात. माउस परत एखाद्या एक्सच्या विंडोवर आला की झटक्यात फिरतात. एका विंडोला दुसरीच्या हद्दीतलं काही दिसू नये, ही नवी शिस्त. पासवर्ड वाचले जाऊ नयेत असं वाटत असेल तर ती हवीच, माझी तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही. वेलँडमध्ये दूरची विंडो आणायची सोय मुळात नाही. त्यासाठी वेपाइप नावाचा वेगळा प्रोग्राम एसएसएचच्या आधी लिहायचा. मी वापरून पाहिला, चांगला आहे.

मला लागली ती एक बारीक गोष्ट. २०२३ च्या फेडोरा ३८ या दुसऱ्या लिनक्सपासून एक्स सर्व्हर उलट्या बाइटांचे पाहुणे आपण होऊन आत घेत नाही. कॅपिटल बी म्हणणारा दाराशी आला, घर स्मॉल एलवाल्यांचं असलं, तर दार लागतं. कारण पटण्यासारखं आहे. तसे पाहुणे आता जवळपास कोणी उरलेले नाहीत, आणि आकडे उलटवणाऱ्या त्या कोडकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नसल्याने त्यात सुरक्षेची भोकं सापडत होती. आयबीएमच्या मेनफ्रेमवर लिनक्स चालवणारे मोजके लोक सोडले तर कोणाच्या लक्षातही आलं नसेल. त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक ओळ आहे. ती चालू केली की दार पुन्हा उघडतं. आमच्याकडे उलट्या बाइटांचं एकही यंत्र राहिलेलं नाही. ती ओळ मी तरीही चालू करून ठेवली होती, आणि माझ्या जागी आलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात, हे काय आहे असं विचारून, बंद केली. बरोबर केलं त्याने.